शेजारी कोणी नसतं

फिटरनं ट्विटर दोन बोटांत धरून गाडीच्या समोरच्या काचेशेजारच्या डाव्या खांबावर टेकवला आणि घड्याळाची किल्ली फिरवावी तसा हळूहळू फिरवू लागला. ट्विटर म्हणजे बाटलीच्या बुचाएवढा स्पीकर. गाण्यातले सगळ्यात बारीक, वरचे आवाज तेवढे तो काढतो. चालकाच्या सीटवर गिऱ्हाईक डोळे मिटून बसलं होतं.

"अजून," गिऱ्हाईक म्हणालं. "अजून थोडा. पुढे गेला. मागे घ्या. हां, तिथंच."

फिटरनं पेन्सिलीनं खूण केली. तासाभरातली ही सातवी खूण. पोरांनी भिंतीवर रेघोट्या माराव्यात तसं त्या खांबाचं झालं होतं.

या गिऱ्हाइकाला त्याच्या कारखान्यात सगळे कानसेन म्हणत. काम तसंच होतं. तयार झालेला गिअरबॉक्स एका बंद खोलीत फिरवायचा आणि समोर बसून ऐकायचा. यंत्रानं पास केलेला पण कानसेननं नापास केलेला गिअरबॉक्स उघडला, की आत एखादा दाता केसभर चुकलेला निघायचाच. सतरा वर्षं हेच चाललं होतं. त्यामुळे स्वतःच्या गाडीत ट्विटर बसवायचे ठरल्यावर त्यानं फिटरचे तीन शनिवार खाल्ले. फिटर म्हणत होता रेशमी पडद्याचे घ्या, गोड वाजतात, कान शिणत नाहीत. कानसेननं धातूच्या पडद्याचे घेतले. त्यात झांज वाजून गेल्यावर तिची थरथर नेमकी कुठे संपते तेसुद्धा कळत होतं. रेशमी म्हणजे उशीत तोंड घालून गायल्यासारखं, असं त्याचं मत पडलं, आणि कानसेनचं मत एकदा पडलं की पडलं.

"एक सांगा साहेब," फिटर खांबाशी वाकलेलाच होता. "शेजारी कोणी बसतं का?"

"का?"

"एका सीटचं ट्युनिंग करायचं की दोघांचं, ते ठरवायला. एका सीटचं केलं तर गाणारी बाई बरोब्बर तुमच्या नाकासमोर उभी राहते. तुमच्या जवळचा ट्विटर जरा दाबायचा, जरा उशिरा सोडायचा. हा लांबचा वाढवायचा आणि त्याचं तोंड तुमच्याकडे करायचं. दोघांचं करायचं तर तडजोड आली. मग कोणालाच शंभर टक्के मिळत नाही."

कानसेननं डोळे उघडले नाहीत.

"शेजारी कोणी नसतं," तो म्हणाला. "माझ्या सीटचं करा."

खोटं बोलायचं त्याच्या मनातही नव्हतं. कोणी शपथ घालून विचारलं असतं तरी त्यानं हेच सांगितलं असतं. आणि सोमवारी सकाळी सव्वाआठला, गेली अकरा वर्षं रोज बसत होती तशी, त्याची बायको डबा आणि पर्स मांडीवर घेऊन शेजारच्या सीटवर येऊन बसली.

ती एका दाताच्या दवाखान्यात मदतनीस होती. पेशंटचं तोंड उघडं धरायचं, गालाच्या आत कापूस बसवायचा, डॉक्टरबाईंनी मागायच्या आधी अवजार पुढं करायचं. सकाळी तो तिला दवाखान्याशी सोडून कारखान्यात जाई आणि संध्याकाळी कारखान्यातून सुटला की घेऊन येई. वीस मिनिटं जायला, वीस मिनिटं यायला. दोघं समोरासमोर आली तरी घरात बोलायचं ते गॅस, चाव्या आणि मुलीच्या हॉस्टेलबद्दल. गाडीतल्या या चाळीस मिनिटांत तिला बाकीचं बोलायचं असायचं.

"बघ आता," म्हणत त्यानं गाणं लावलं.

गाणारी बाई खरोखर त्याच्या नाकासमोर उभी राहिली. ओठ मिटल्याचा आवाज आला, श्वास घेतल्याचा आला. कानसेनला इतका आनंद झाला की पहिल्या चौकात त्यानं हॉर्न वाजवायचंही सोडून दिलं.

"टोचतंय हो जरा," बायको म्हणाली.

"नवीन आहेत ना. मोकळे व्हायला वेळ लागतो. सवय होईल."

"हं. बरं, परवा डॉक्टरबाई म्हणत होत्या, की आता पुढच्या—"

कानसेननं स्टिअरिंगवरचं एक बोट वर केलं. झांज येत होती. झांज आली, थरथरली, बारीक होत होत संपली, आणि ती नेमकी कुठे संपली ते त्याला कळलं. तो बायकोकडे बघून हसला. तीही हसली. डॉक्टरबाई काय म्हणत होत्या ते राहून गेलं.

आणखी एक गोष्ट झाली, त्यामुळे तर त्याच्या आनंदाला पारावार राहिला नाही. गाणं सुरू झालं की बायको त्याच्या बाजूला कलून बसू लागली. थोडीशीच, खांदा त्याच्या खांद्याजवळ येईल एवढी. लग्नाला एकवीस वर्षं झाली होती. चांगल्या आवाजाचा माणसावर परिणाम होतो, असं त्यानं कारखान्यात दोघांना ऐकवलं. त्यांनी माना डोलावल्या, कारण आवाजाच्या बाबतीत कानसेनशी वाद घालण्यात अर्थ नव्हता.

हे सुख बरोबर नऊ दिवस टिकलं.

दहाव्या दिवशी सकाळी गाडी फाटकातून मागे काढून रस्त्याला लावली, गाणं चालू केलं, आणि कानसेनच्या लक्षात आलं की डावी बाजू गेली. पूर्ण नाही, पण बारीक आवाज त्या बाजूनं येईनात. झांज वाजायची पण थरथरायची नाही. गाणारी बाई नाकासमोरून हलून उजव्या आरशाशी जाऊन उभी राहिली होती. त्यानं बटणं दाबून पाहिली, आवाज वाढवला, कमी केला. बायको खिडकीबाहेर बघत होती.

"तुला काही फरक वाटतोय?" त्यानं विचारलं.

"कशात?"

"काही नाही."

बायकोला सोडल्यावर त्यानं नेहमीप्रमाणे गाणं बंद केलं. खोलीत जाण्याआधी अर्धा तास कानाला विश्रांती द्यायची, हा त्याचा सतरा वर्षांचा नेम होता. संध्याकाळी सुटल्यावर कान इतके आंबलेले असत, की दवाखान्यापर्यंत गाणं लावायची इच्छाच होत नसे. बायको गाडीत बसली की मग लावायचं. आज त्या शांततेत तो हिशेब करत बसला. डावी बाजू. ट्विटर नवे, वायर नव्या, फिटरचा हात चांगला. मग उरलं काय? उरला डावा कान.

आणि सोळा दिवसांनी, शुक्रवारी, कारखान्यात कानांची तपासणी होती.

तपासणी दरवर्षी व्हायची. गेल्या वर्षी त्याचा जोडीदार तीत नापास झाला. वीस वर्षं त्याच खोलीत ऐकणारा माणूस, त्याला पॅकिंगला टाकला. आता तो खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवत असतो. सगळ्यात वाईट म्हणजे, एका बारीक पट्टीतलं सोडलं तर त्याला चांगलं ऐकू येतं, पण नापास झाल्यापासून कँटीनमध्ये सगळे त्याच्याशी ओरडून बोलतात. कानसेनही बोलायचा. हे आता त्याला आठवलं.

घरी आल्यावर त्यानं बाथरूमचं दार लावून कानाशी बोटं चोळून पाहिली. आधी उजव्या, मग डाव्या. कुजबुज दोन्हीकडे सारखी. मनगटी घड्याळ लावून पाहिलं. टिकटिक दोन्हीकडे सारखी. म्हणजे कान ठीक. पण दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी मागे काढून रस्त्याला लागतो न लागतो, तो डावी बाजू पुन्हा बसलेली. बायकोला यातलं काही सांगितलं नाही. उगाच तिच्या जिवाला घोर कशाला, असं त्यानं स्वतःला समजावलं. खरं म्हणजे आपण ते मोठ्यानं बोललो तर ते खरं होईल, अशी त्याला भीती वाटत होती.

"अहो, ते दवाखान्याचं सांगायचं राहतंय," तिनं एकदा सुरुवात केली.

बोट वर गेलं. तो डाव्या बाजूच्या झांजेची वाट बघत होता. झांज आली नाही, पण तोवर दवाखाना आला.

शनिवारी त्यानं गाडी फिटरकडे नेली. फिटर आत बसला, गाणं लावलं, दोन मिनिटं ऐकलं.

"छान वाजतंय की."

कानसेन त्याच्या जागी बसला. डोळे मिटले. गाणारी बाई नाकासमोर, झांज डावीकडे, थरथर शेवटपर्यंत. सगळं जिथल्या तिथं होतं. दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीत बसल्यावर दाढ दुखायची थांबावी तसला हा प्रकार.

"कालपर्यंत नव्हतं," तो म्हणाला.

"बसली असेल एखादी पिन सैल. घट्ट करून देतो."

पिना घट्ट केल्या. सोमवारी सकाळी डावी बाजू गेलेली. पुढच्या शनिवारी फिटरनं डावा ट्विटर उजवीकडे आणि उजवा डावीकडे लावला, म्हणजे दोष ट्विटरचा असेल तर तो बाजू बदलेल. दुकानात दोन्ही बाजू उत्तम वाजल्या. सोमवारी डावीच गेली. म्हणजे ट्विटर निर्दोष. त्यानं फिटरला फोन करून वायर बदलायला लावली, मंगळवारी संध्याकाळी दुकानात जाऊन बदलून घेतली, बुधवारी डावी बाजू नाहीच. डोकं पार चक्रावून गेलं. खोलीतही परिणाम दिसू लागला. एकच गिअरबॉक्स तो तीन-तीनदा फिरवायला लागला, आणि एक नापास केलेला उघडला तर आत सगळे दाते जागच्या जागी. सतरा वर्षांत असं पहिल्यांदा झालं. सुपरवायझरनं त्या दिवशी त्याच्याशी जरा मोठ्यानं बोलल्याचा त्याला भास झाला.

बुधवारी संध्याकाळी बायकोला घरी सोडून तो फिटरकडे गेला आणि दुकानातल्या उलट्या ठेवलेल्या टायरवर बसला.

"रेशमी लावून टाका," तो म्हणाला.

फिटरनं हातातला पाना खाली ठेवला. गेला महिनाभर हा माणूस त्याचा जीव खात होता, पण इतका पडलेला चेहरा त्यानं पाहिला नव्हता.

"साहेब, रेशमी लावून काय होणार? हे वाजतायत ना चांगले."

"इथं वाजतात. गाडी तीच, गाणं तेच. बाहेर पडलो की डावीकडचं ऐकू येत नाही. म्हणजे काय ते समजा." त्यानं डाव्या कानाला हात लावला. "परवा तपासणी आहे. नापास झालो की पॅकिंग. मला दुसरं काही येत नाही हो. ऐकता येतं तेवढंच येतं."

फिटरनं पेन्सिल कानामागून काढली. विचार करायचा झाला की त्याला हातात पेन्सिल लागे.

"नेमकं कधी जातं?"

"सकाळी बायकोला सोडताना. संध्याकाळी आणताना."

"आणि एकटे असताना?"

"एकटा असताना मी लावत नाही."

"वहिनी कुठं बसतात?"

"कुठं म्हणजे? शेजारी."

फिटरची पेन्सिल थांबली. त्यानं कानसेनकडे बघितलं, गाडीकडे बघितलं, पुन्हा कानसेनकडे बघितलं.

"शेजारी कोणी नसतं म्हणाला होतात तुम्ही."

"म्हणजे ऐकणारं कोणी नसतं," कानसेन म्हणाला. बोलल्यावर ते वाक्य त्याला स्वतःलाच जरा विचित्र लागलं, पण आत्ता त्याला त्यात शिरायला वेळ नव्हता.

"मग डोकं आडवं येत असेल," फिटर म्हणाला. "बारीक आवाज सरळ जातो. मध्ये माणूस आला की अडतो. हे मी आधी विचारायला हवं होतं."

"विचारलं होतंत तुम्ही."

"असं करू. उद्या सकाळी मी येतो. मी चालवतो, वहिनी त्यांच्या जागी बसतील, तुम्ही मागं बसा. माझ्या कानालाही डावी बाजू गेलेली वाटली तर तुमच्या कानाला काही झालेलं नाही."

गुरुवारी सकाळी फिटर धुतलेला शर्ट घालून आला. गाडीच्या आवाजात काहीतरी बिघाड आहे, तो बघायला आलाय, एवढंच बायकोला सांगितलं. तिनं फिटरला पाणी विचारलं, कुलूप लावलं आणि आपल्या जागेवर बसली. कानसेन मागे, चालकाच्या पाठीमागच्या सीटवर बसला. आपल्याच गाडीत मागे बसायची त्याची ही पहिलीच वेळ होती. सगळं वेगळं दिसत होतं. बायकोचा उजवा गाल, कानाची पाळी, मानेवर क्लिपमधून सुटलेले केस, त्यातले चारसहा पांढरे. हे कधी झाले, असं त्याच्या मनात आलं.

फिटरनं रिव्हर्स टाकला आणि मान वळवून मागच्या काचेतून फाटकाकडे बघू लागला.

पर्सची चेन वाजली. हा आवाज कानसेनच्या ओळखीचा होता. गेले कित्येक दिवस सकाळी गाडी मागे काढताना तो हा आवाज ऐकत होता: चेन उघडली, थोडं थांबून मिटली. रुमाल घेत असेल, असंही त्याच्या मनात कधी आलं नव्हतं. ऐकलं होतं आणि सोडून दिलं होतं. आता त्यानं पाहिलं. बायकोनं पर्समधून कापसाची एक छोटी वळी काढली, दवाखान्यात पेशंटच्या गालात ठेवतात तसली. बोटांनी दाबून चपटी केली. डावा हात खांबाकडे गेला, नखानं ट्विटरवरचं काळ्या कापडाचं टोपण उचललं, वळी आत बसवली, टोपण बारीक टक् आवाजात दाबलं. गाडी फाटकाबाहेर येण्याआधी सगळं उरकलं होतं. दिवसातून वीस जणांच्या तोंडात कापूस बसवणारा तो हात होता. चेन मिटली.

फिटरनं गाणं लावलं. पहिल्याच सिग्नलला तो हळूच म्हणाला,

"हो साहेब. डावी बसली. मलाही कळतंय."

कानसेनचा जीव भांड्यात पडला. कान शाबूत होता. खोली शाबूत होती. त्याला ओरडून सांगावंसं वाटलं, आणि त्यासाठी तो पुढं वाकलाही, आणि वाकल्यावर त्याला बायको नीट दिसली.

ती उजवीकडे कलली होती. नेहमीसारखीच, खांदा चालकाच्या बाजूला. पण आता चालकाच्या जागी फिटर होता, आणि मागून बघताना तिचं कलणं कोणाच्या जवळ जाणं दिसत नव्हतं. मान आखडलेली होती. डाव्या हाताचा तळवा, केस सावरत असल्यासारखा, कानावर होता. एवढा कापूस घालूनही झांज आली की तिची पापणी लवत होती. ट्विटरपासून जेवढं लांब होता येईल तेवढी ती लांब झाली होती, आणि त्या बाजूला एवढे दिवस योगायोगानं तिचा नवरा बसत होता.

त्याला कानाखाली वाजवल्यासारखं झालं. चांगल्या आवाजाचा परिणाम होतो, असं आपण कारखान्यात सांगत सुटलो होतो, ते आठवून तो मागे टेकला.

दवाखान्याशी गाडी थांबली. फिटर आरशात मागची वाहनं बघत होता. पुन्हा चेन, पुन्हा नख, वळी दोन बोटांत निघाली आणि पर्समध्ये गेली. रोज उतरताना ती काढून नेत होती. नंतर नवरा एकटा असतो, त्याला त्याचं गाणं नीट ऐकू यावं म्हणून. आणि तो एकटा असताना कधी लावतच नव्हता, हे तिला माहीत असायचं काही कारण नव्हतं.

"येते," ती म्हणाली. "सापडलं का काय ते?"

"सापडलं," कानसेन म्हणाला.

ती गेल्यावर फिटर मागे वळला. "डोकंच आडवं येतंय. मी म्हटलं नव्हतं?"

"हं," कानसेन म्हणाला. "रेशमी लावा. आणि दोघांचं ट्युनिंग करा."

"दोघांचं केलं तर ती बाई तुमच्या समोरून हलेल. दोन सीटच्या मध्ये कुठंतरी उभी राहील. तुम्हाला खटकेल."

"खटकू दे. आजच करा. मी अर्धा दिवस रजा टाकतो."

त्या दिवशी दुकानात तो पहिल्यांदा शेजारच्या सीटवर बसला. जुने ट्विटर अजून उतरवायचे होते. फिटरनं गाणं लावलं, आणि कानसेननं पहिल्या झांजेला हात कानावर नेला.

शुक्रवारी सकाळी गाडी मागे काढताना त्याचे डोळे मागच्या काचेवर होते आणि कान पर्सकडे. चेन उघडली. गाणं त्यानं आज आधीच लावून ठेवलं होतं. बराच वेळ काही आवाज आला नाही. मग चेन मिटली, आणि मधला टोपणाचा टक् आवाज झालाच नाही. त्यानं समोर बघून गिअर टाकला. गाणारी बाई गिअरच्या दांड्याच्या वर कुठंतरी उभी होती, थोडी पुसट. बायको सीटला पाठ टेकून सरळ बसली होती. तिचा खांदा तिच्या बाजूला होता. त्याला बरं वाटलं, आणि थोडं चुकल्याचुकल्यासारखंही वाटलं.

दुपारी तपासणी झाली. काचेच्या पेटीत बसून, आवाज आला की बटण दाबायचं. तपासणाऱ्या बाईनं कागदावरच्या दोन रेघा त्याला दाखवल्या. दोन्ही जवळजवळ सपाट. या वयात इतके चांगले कान मी पाहिले नाहीत, असं ती म्हणाली. एरवी हा कागद त्यानं कँटीनमध्ये फिरवला असता. आज चार घड्या घालून खिशात ठेवला. आधी तो पॅकिंगला गेला, जोडीदाराच्या शेजारी उभा राहिला आणि साध्या आवाजात त्याला म्हणाला, "चहा घेतोस?" जोडीदारानं आधी त्याच्याकडे बघितलं, मग हातातली चिठ्ठी चिकटवली आणि त्याच्याबरोबर आला.

संध्याकाळी बायको गाडीत बसली. गाणं हळू चाललं होतं.

"आज तपासणी होती ना? काय निघालं?"

"ऐकू येतं म्हणतात."

"बरं झालं. मग आता ऐका. कधीची सांगतेय." तिनं पर्स पायाशी ठेवली. "डॉक्टरबाई दवाखाना हलवतायत. आपल्या मागच्या गल्लीत, किराणावाल्याच्या वर. पहिल्या तारखेपासून."

"मागच्या गल्लीत?"

"चालत चार मिनिटं. मला सकाळी अर्धा तास जास्त झोप. तुम्हाला हा सगळा वळसा वाचेल, दोन वेळचा." ती खरोखर खुशीत होती. "आणि मग शेजारी कोणी नसणार तुमच्या. लावा हवं तेवढं मोठ्यानं."

पहिली तारीख नऊ दिवसांवर होती. सिग्नल लाल झाला. कानसेननं गाडी थांबवली. मग त्यानं हात पुढं करून गाणं बंद केलं.

"कधी ठरलं हे?"

"महिना होत आला. त्यात मोठी गंमत झाली, ती सांगायचीच राहिली."

"सांग ना," तो म्हणाला. "पहिल्यापासून सांग."

तिनं त्याच्याकडे पाहिलं, मग स्टिअरिंगवरच्या त्याच्या हाताकडे पाहिलं. बोट वर येतंय का, हे बघत ती थोडा वेळ थांबली. ते आलं नाही, तेव्हा ती सांगू लागली.